सगळ्यात वरची ओळ

“आंघोळीच्या पाण्याचं सगळ्यात वर,” ओकामी-सान म्हणाल्या. “बाकीचं त्याच्या खाली. आणि अगदी शेवटी तो आकडा. एवढ्या दोन गोष्टी राहू द्या, मग तुम्हाला हवं ते करा.”

मी ते निनादला मराठीत सांगितलं. त्याने मान डोलावली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

“त्रिशलाताई, खरं सांगा. ही वेबसाइट आहे की आपल्याकडची लग्नपत्रिका?”

मला हसू आलं, कारण पान तसंच होतं. लाल, निळी, हिरवी अक्षरं एकमेकांना खेटून बसलेली. बसथांब्यापासूनच्या प्रत्येक वळणाचा फोटो. बर्फ असेल तर कोणते बूट घालावेत. जिन्याची एक पायरी करकरते, कृपया घाबरू नये. अंगणातलं जुनं पाइनचं झाड वादळात पडलं, ते पाहायला लांबून येणाऱ्यांची आम्ही अंतःकरणापासून क्षमा मागतो. झाड पडून कितीतरी वर्षं झाली होती, क्षमा मागणं अजून चालू होतं. आणि या सगळ्या गर्दीच्या डोक्यावर, तारीख घालून, रोज पहाटे नव्याने लिहिलेली एक ओळ: ‘आज पाणी तापलं आहे. वाट पाहत आहोत.’

“पत्रिकेत चुलत्याचं नाव राहिलं तर चुलता येतो का लग्नाला?” मी म्हटलं.

“नाही येत. पण चुलता बुकिंगही करत नाही ना, ताई.”

“काय म्हणाले?” ओकामी-साननी विचारलं.

“आमच्याकडच्या लग्नाच्या पत्रिका अशाच भरगच्च असतात म्हणाला.”

“अस्सं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी निनादला वाकून नमस्कार केला. त्यांना ती स्तुती वाटली.

जपानच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ते गाव. डोंगरातून झऱ्याचं पाणी येतं, ते भट्टीवर तापवतात, त्या पाण्यात आंघोळ करायला लोक मुक्कामाला येतात, म्हणजे पूर्वी येत. ओकामी म्हणजे अशा मुक्कामाच्या हॉटेलची मालकीण, आणि ‘सान’ हे आपल्या ‘जी’सारखं. या ओकामी-सानचं हॉटेल चार-सहा खोल्यांचं, नवरा वारलेला, मदतीला कुणी नाही. माझे यजमान जवळच्या शहरात एका कारखान्यात होते, आणि मी पुण्याला जपानी शिकलेली, म्हणून दुभाष्याची लहानसहान कामं माझ्याकडे येत. त्या वर्षी नगरपालिकेने गावातल्या हॉटेलांच्या वेबसाइट नव्या करून द्यायचं ठरवलं. काम पुण्याच्या एका कंपनीला मिळालं आणि हिवाळ्याच्या तोंडावर त्यांचा निनाद देवस्थळी पातळ जाकीट घालून येऊन दाखल झाला. मुलगा गुणी होता. गावात तरुण पाहुणे यावेत असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि त्याचं चुकत होतं असंही नाही.

मी पूर्वीपासून अधूनमधून ओकामी-सानकडे जात असे. आम्ही जैन. मी सूर्यास्तानंतर जेवत नाही, सकाळी णमोकाराची माळ झाल्याशिवाय पाणी घेत नाही, आणि माळ झाल्यावर त्या दिवसापुरता एखादा लहानसा नियम घेते. परदेशात या गोष्टी सांगताना माझा जीव अर्धा होतो. कारण सांगावं लागतं, मग लोक हसतात किंवा फार आदर दाखवतात. ओकामी-साननी कारण विचारलं नाही. पहिल्या भेटीत त्या एवढंच म्हणाल्या, “म्हणजे उजेड असेपर्यंत.” आणि माशांचा अर्क न घालता समुद्री शेवाळाच्या पाण्यात भाज्या शिजवून, दिवस असताना माझ्यापुढे ताट ठेवलं.

निनाद पान खाली सरकवत होता. मध्येच थांबला.

“आणि हे कुणासाठी? ‘सूर्य मावळायच्या आत जेवण हवं असल्यास आनंदाने देऊ.’ असं कोण मागतं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग त्याला कळलं.

“ताई, तुमच्यासाठी एक अख्खी ओळ?”

तेव्हा मला ते पान पहिल्यांदा नीट दिसलं. करकरणाऱ्या पायरीला कुणीतरी एकदा दचकलं होतं. बसथांब्यावरून कुणीतरी एकदा चुकलं होतं. ज्याची जी अडचण झाली तिची एक ओळ पानावर चढली होती, आणि एकदा चढलेली ओळ त्यांनी कधी खाली उतरवली नव्हती.

दोन-तीन दिवसांनी निनादने नवं पान दाखवलं. संध्याकाळच्या समुद्राचा एक मोठा फोटो, भोवती पांढरी मोकळी जागा, खाली एक बटण. ओकामी-सान गुडघे मोडून बसल्या होत्या. बराच वेळ बघत राहिल्या.

“सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “बाकीचं कुठे गेलं?”

“बटण दाबलं की आत सगळं आहे,” निनाद म्हणाला.

“आत यायच्या आधी कळायला हवं ना? ज्याला विचारायचा संकोच वाटतो तो विचारतच नाही. दाराशी येऊन परत जातो.” त्यांनी पांढऱ्या जागेवरून बोट फिरवलं. “इतकी मोकळी जागा बघितली की मला वाटतं, यांनी काहीतरी सांगायचं टाळलं आहे.”

“त्यांना सांगा ताई, मोकळ्या जागेत मन शांत होतं. ह्यांच्या खोल्या बघा ना. एक चटई, एक फूल, संपलं.”

मी सांगितलं. ओकामी-सान हसल्या.

“खोलीत मी असते. पानावर मी नसते.”

निनादने लॅपटॉप स्वतःकडे वळवला. मग म्हणाला, “बरं. आत न ठेवता खाली सगळं ठेवतो, जरा आवरून. पाण्याची ओळही वर ठेवतो. पण रोज कशाला लिहायची? एकदाच टाकू, ‘पाणी नेहमी तापलेलं असतं.’ कायमचं काम झालं.”

“ज्या दिवशी तापलं नसेल त्या दिवशी ते खोटं होईल,” ओकामी-सान म्हणाल्या.

“कधी तापलं नव्हतं?”

त्यांनी आठवून पाहिलं. “अजून तरी नाही.”

“आणि हा आकडा.” निनादने जुन्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे काळ्या चौकटीत हिरवे आकडे होते. हॉटेलाबाहेरून कुणी पान उघडलं की त्यात एकाची भर पडे. “हा काढतो. हल्ली कुणी ठेवत नाही, फार जुनाट दिसतं.”

ओकामी-साननी श्वास दातांतून आत ओढला.

“ते जरा कठीण आहे.”

“त्यात कठीण काय? दोन मिनिटांचं काम,” निनाद म्हणाला.

“निनाद,” मी म्हटलं, “इथलं माणूस तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. ‘कठीण आहे’ म्हणालं की ते नाहीच असतं. आकडा राहू दे.”

त्या दिवशी निनाद फोटो काढायला किनाऱ्यावर गेला आणि ओकामी-साननी माझं ताट वाढलं. बाहेर अजून उजेड होता. मी जेवत असताना त्या समोर बसून राहिल्या. हे नेहमीचं नव्हतं. पाहुण्याच्या जेवणाकडे त्या कधी बघत बसत नसत.

“ते पान योहेईने केलं होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या मुलाने. शाळेत असताना. तो आकडाही त्याचाच. म्हणाला, आई, दारात बसून राहायला नको. कुणी आलं की हा सांगेल.”

त्यांना मुलगा आहे हे मला माहीत नव्हतं. एवढ्या भेटींत त्याचं नाव निघालं नव्हतं.

“वडिलांशी भांडला. ते म्हणाले, जातोस तर परत येऊ नकोस. मी त्या वेळी भट्टीत लाकडं घालत होते. मला वाटलं, पाणी तापलं की जाईन, दोघांनाही शांत करीन. पाणी तापलं तोवर बस गेली होती.”

त्यांनी माझ्या वाटीत भाजी वाढली.

“वडील गेले तेही त्याला कळलं की नाही, माहीत नाही. पत्ता नाही. पण त्रिशला-सान, मी रोज रात्री दिवे मालवताना तो आकडा पाहून ठेवते. आणि पहाटे पाण्याची ओळ लिहिण्याआधी परत पाहते. एकाने वाढलेला असतो. रोज. बर्फात, पावसात, नवीन वर्षाच्या दिवशीसुद्धा. दिवसभर कुणी येवो न येवो, पहाटे एक जण येऊन जातो.”

माझा घास हातात राहिला.

“मी ऐकलंय, हल्ली हे कळतं. कोण येतं ते नको. ते विचारणं बरं नाही. पण निनाद-साननी फक्त गाव पाहिलं तर? नावही नको गावाचं. तिथे बर्फ पडतो का, एवढंच.”

निनाद किनाऱ्यावरून आला तसं मी त्याला सांगितलं. तो ऐकता ऐकता हळवा झाला. “बघतो ना, ताई. लगेच बघतो.” आणि तिथेच, दारात, बुटांचे बंद न सोडता लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. ओकामी-सान आमच्यासाठी चहा करून घेऊन आल्या आणि थोड्या अंतरावर बसल्या. त्याच्याकडे पाहत नव्हत्या. हात मांडीवर एकावर एक ठेवले होते.

निनादचं बोट हळूहळू थांबलं.

“ताई,” तो म्हणाला, आणि सूर बदलला नाही, कारण त्या ऐकत होत्या. “हा माणूस नाहीये.”

“म्हणजे?”

“यंत्र आहे. इंटरनेटवर शोध घेणारी यंत्रं असतात, ती जगातली सगळी पानं रोज चाळत फिरतात. त्यातलंच एक ठरलेल्या वेळी इथे येतं. दुसऱ्या कुठल्या पानावर जातं तसंच. बाकी पहाटेचं कुणी नाही. मागचं जेवढं दिसतंय तेवढ्यात कधीच कुणी नाही.”

मी दुभाषी होते. एकाचं बोलणं दुसऱ्याकडे जसंच्या तसं पोचवायचं, हेच माझं काम. खोटं बोलायचं नाही हे आमच्या रोजच्या व्रतांतलं, आणि कुणाच्या जिवाला दुखवायचं नाही हे त्याच्याही आधीचं. आजवर ही दोन व्रतं माझ्यासमोर कधी एकमेकांच्या आड आली नव्हती. मी तोंड उघडलं आणि एकही शब्द आला नाही.

ओकामी-साननी माझ्याकडे पाहिलं. मग चहाच्या कपांकडे.

“गार झाला,” त्या म्हणाल्या. कप उचलून आत गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मी मनाशी म्हटलं, त्यांना कळलं नाही. बरं झालं.

निनाद परत जायच्या आधी नवं पान सुरू झालं. चांगलं झालं होतं. वर पाण्याची ओळ होती, पायरी होती, झाडाची क्षमा होती, माझी ओळही होती, आणि तळाशी लहानसा आकडा. गावात कौतुक झालं. पुण्याला जाताना निनाद मला म्हणाला, “आकडा नवा बसवलाय, ताई. जुना काहीही मोजायचा. हा यंत्रांना मोजत नाही, फक्त माणसं मोजतो. आता योहेई खरंच आला तर त्यांना खरंच कळेल.”

त्याने ते त्यांच्या भल्यासाठी केलं होतं. मलाही त्या क्षणी त्यात वावगं दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात सकाळीच ओकामी-सानचा फोन आला. त्या कधी स्वतःहून फोन करत नसत. आधी थंडीबद्दल बोलल्या, मग माझ्या यजमानांच्या खोकल्याची चौकशी केली. मग म्हणाल्या, “आकडा हलत नाही.”

मी गेले. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते. हॉटेलात एकही पाहुणा नव्हता, तरी सगळ्या चपला दाराशी बाहेर तोंड करून ओळीने मांडलेल्या. त्या काउंटरमागे संगणकापुढे बसल्या होत्या.

“ओकामी-सान,” मी म्हटलं, “मला तुम्हाला एक सांगायचं आहे. निनाद त्या दिवशी जे म्हणाला ते.”

“यंत्र होतं,” त्या म्हणाल्या.

मी खाली बसले.

“तुम्ही गप्प झालात तेव्हा खात्री झाली. पण आधीही मला…” त्या थोडं हसल्या. “योहेई जन्मात कधी ऊन अंगावर आल्याशिवाय उठला नाही. शाळेची बस रोज चुकायची. तो बरा उठेल एवढ्या पहाटे.”

“मग इतकी वर्षं?”

“मनात आलं की मी ते बाजूला सारायची. पहाटे अंधारात मागे जायचं, लाकडं लावायची, आणि इथे येऊन बघायचं तर कुणीतरी येऊन गेलेलं. यंत्र तर यंत्र. दारापर्यंत येत तर होतं. मग ओळ लिहायला हात चालायचा. आता मी ओळ लिहिते, आणि मला माहीत असतं, कालची कुणीही वाचलेली नाही.”

“मी निनादला सांगते. पहिल्यासारखं करून देईल, यंत्रही मोजायला लावील.”

“कळल्यावर नको.”

“मग मी रोज पहाटे उघडीन. माळ झाली की लगेच. माझा नियम समजा.”

त्यांनी वाकून माझे आभार मानले. खूप खाली वाकल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही आलात हे मला कळेल. मग ते कुणी येणं होत नाही. ती फक्त तुमची कृपा होईल.”

खिडकीबाहेर बर्फ छपरावरून घसरून धप्पकन पडला. आम्ही दोघीही त्या आवाजाकडे पाहत राहिलो. त्यांना समजवायला माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. मी रोज देवापुढे बसते ती कुणी ऐकतं का हे न विचारता बसते, असं सांगावं असं एकदा ओठांवर आलं. पण मी देवापुढे बसते. त्या एका पानापुढे बसत होत्या, आणि ते रिकामं आहे हे त्यांना आता पक्कं ठाऊक होतं.

मी निघताना त्या दारापर्यंत आल्या.

“त्रिशला-सान, एक मागू का? तुमच्याकडे नियम मोडत नाहीत म्हणून मागते.”

“मागा ना.”

“मी नसले तर ती वरची ओळ. ती खोटी होऊ देऊ नका.”

“नाही होऊ देणार,” मी म्हटलं. आमच्यात नियम घेताना हात जोडतात. माझे हात आपोआप जोडले गेले.

मला वाटलं होतं, त्यांच्या मनात पुढच्या काही वर्षांचं असेल. महिनाही गेला नाही. मागच्या भट्टीकडे जाताना त्या बर्फावरून घसरल्या. शेजारच्या मासेवाल्या मुराता-साननी त्यांना शहरातल्या इस्पितळात पोचवलं. मी संध्याकाळी भेटायला गेले तेव्हा पाठीचं हाड मोडलेलं होतं, आणि छातीत पाणी धरलं होतं. चेहरा एवढासा झाला होता. पांढऱ्या मोकळ्या भिंती, एक खाट, एक खिडकी.

“ओळ आजचीच आहे,” त्या म्हणाल्या. आवाज ऐकू यायला मला वाकावं लागलं. “सकाळी तापलं होतं. लिहून मग लाकडं आणायला गेले. उद्या…”

“उद्यापासून ओळ काढून टाकू का?” मी विचारलं. “निनाद इथे नसला तरी मला ते येतं. घरूनच करता येतं. पानावर लिहू, काही दिवस बंद आहे म्हणून.”

त्या छताकडे पाहत होत्या. बर्फ पडतो का, असं त्यांनी विचारलं होतं त्या दिवशीचे त्यांचे हात मला आठवले. आताही ते पांघरुणावर तसेच एकावर एक होते.

“ते,” त्या म्हणाल्या, “जरा कठीण आहे.”

एवढंच. मी पुढे विचारलं नाही.

योहेई आला नाही. पुढेही कधी आल्याचं मी ऐकलं नाही. ओकामी-सान त्या खाटेवरून उठल्या नाहीत. हे सगळं होऊन आता कितीतरी वर्षं लोटली. मी कुरुंदवाडला परत आले. माझे केस पिकले. निनाद मोठ्या हुद्द्यावर गेला आणि दिवाळीला फोन करतो, पण त्या गावाचं नाव आम्ही दोघं काढत नाही.

मला सांगायची आहे ती इस्पितळातल्या त्या भेटीच्या दुसऱ्या दिवसाची पहाट.

मी उठले तेव्हा अंधार होता. हात-पाय धुऊन माळ ओढली. मग लॅपटॉप उघडला. कालची तारीख, कालची ओळ. तळाशी आकडा, माझा एक सोडला तर, होता तिथेच होता. घरबसल्या तारीख बदलायला मिनिटभर लागलं असतं. कुणालाच कळलं नसतं, कारण वाचणारं कुणीच नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला.

“कुठे निघालीस एवढ्या थंडीत?” यजमान पांघरुणातून म्हणाले. “काही खाल्लंस?”

“आल्यावर.”

“अगं, त्या हॉटेलात कोण आहे आता?”

“कुणी नाही,” मी म्हटलं.

आमच्या कुरुंदवाडच्या घरी तांब्याचा बंब होता. आई सांगायची, लाकूड झटकून, उजेडात फिरवून पाहून मगच आत घालायचं, त्यात बारीक जीव बसलेले असतात. मी मोजे चढवले, काड्यापेटी घेतली, आणि लाकडं पाहायला लहान बॅटरी पिशवीत टाकली. हॉटेलची चावी मागच्या पायरीशी उलट्या कुंडीखाली असते, हे पानावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते ओकामी-साननी मला तोंडी सांगितलं होतं.

गावाकडे जाणारी पहिली बस उभी होती. आत दिवा होता आणि माणूस कुणी नव्हतं. मी चढले आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले.